देवलांच्या नाटकांतील बोलका सोबती

सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर वसले आहे. तेथे १८५५ साली गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म झाला. त्यापूर्वी बाराच वर्षे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा श्रीगणेशा केला होता. त्या आरंभीच्या खेळांत सूत्रधाराशी थट्टामस्करी करणारा विदूषक हटकून असे. प्रेक्षक त्याला हसत, आणि देवदैत्य रंगमंचावर आले की विसरून जात. या उपेक्षित बोलघेवड्याला पुढे देवलांच्या लेखणीने जे स्थान दिले, त्याची दखल फारशी घेतली गेलेली नाही.

देवल बेळगावास शिकत असताना त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. १८८० साली पुण्यात अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. देवल प्रथम नट होते, मग नटांना घडवणारे तालीममास्तर झाले. नाटककार म्हणून त्यांच्या नावावर अवघी सात नाटके आहेत, आणि ‘शारदा’ वगळता बाकीची सहा परक्या कथानकांवर बेतलेली आहेत. यावरून त्यांना केवळ रूपांतरकार ठरवणाऱ्यांनी त्यांची पात्रे बारकाईने पाहिलेली दिसत नाहीत.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ त्यांनी मराठीत आणले. त्यातील मैत्रेय हा संस्कृत नाटकातील विदूषकांचा मुकुटमणी होय. चारुदत्ताच्या वैभवात त्याने पक्वान्ने झोडली; दारिद्र्य आल्यावर तो पोटापुरते दारोदार हिंडतो, पण रात्री मित्राच्याच घरी परततो. इतर विदूषक राजाच्या ताटावर पोसलेले असतात, याचा धनी कफल्लक आहे. आणि याच निष्ठावंताच्या हातून अनर्थ घडतो. झोपेच्या गुंगीत तो वसंतसेनेची ठेव चोराच्या हवाली करतो. न्यायसभेत संतापाच्या भरात शकाराशी हातघाईवर येतो, तेव्हा त्याच्या काखेतले तिचे दागिने खाली पडतात आणि तोच मित्राविरुद्धचा पुरावा ठरतो. मित्रासाठी भांडायला गेलेल्यानेच मित्राला वधस्तंभाची वाट दाखवावी, हा प्रसंग हसवणारा मुळीच नाही.

‘शाकुंतल’मधला माधव्य या मानाने सुखी जीव. आपले प्रेमाचे बोलणे केवळ थट्टा होती असे त्याला मानायला लावून दुष्यंत स्वतःची सुटका करून घेतो, एवढेच.

१८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आले. या एकमेव स्वतंत्र नाटकात देवलांनी हा जुना सोबती ओळखू न येईल अशा वेषात उभा केला. भद्रेश्वर दीक्षित हसतमुख आहे, वाचाळ आहे, पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाशी त्याची घसटही विदूषकाला शोभेल अशी आहे. प्रेमात पडलेल्या राजाला धीर देणे हे विदूषकाचे परंपरागत काम. दीक्षितही तेच करतो. फरक इतकाच की येथे नायक म्हातारा आहे, नायिका अजाण पोर आहे आणि मधल्या माणसाचे लक्ष दलालीवर आहे. कांचनभटाला पैसा हवा, भुजंगनाथाला बायको हवी, आणि या दोन हावांना जोडणारा दुवा म्हणजे दीक्षिताची गोड जीभ. प्रेक्षागृहात हशा पिकतो तेव्हा एका मुलीचा सौदा ठरत असतो. घरोघरी असे मध्यस्थ ऊठबस करीत होते, आणि त्यांच्या विनोदाला दाद देणारेही त्याच प्रेक्षागृहात बसलेले होते. जरठ-बाला विवाहावर निबंध पुष्कळ झाले. पण हसणाऱ्यालाच अपराधात सामील करून घेणे निबंधाला साधत नाही. भर मांडवात लग्न मोडते तेही सगोत्रतेच्या आक्षेपाने. दयेने जे होत नाही ते शास्त्राने होते, हा देवलांचा कडवट टोला आहे. बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्या नावाचा नाटकाशी संबंध नाही, ते हरबिलास सारडा यांचे आडनाव. तरी मराठी माणसाला नामसाम्य जाणवल्यावाचून राहत नाही.

‘संशयकल्लोळ’मध्ये वातावरण पुन्हा निवळते. महिन्या-नक्षत्रांवरून नावे घेतलेल्या त्या मंडळींत भादव्या नावाचा नोकर आहे. मालकाच्या कानाशी लागून तो फाल्गुनरावाच्या संशयाला खतपाणी घालतो. मात्र त्यातून कुणाचा संसार कायमचा मोडत नाही. मूळ गद्य प्रहसनाला देवलांनी अखेरच्या काळात पदांची जोड दिली. १९१६ च्या जूनमध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले, गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला, आणि देवलांच्या पश्चात प्रेक्षक पोट धरून हसले.