पोलादाची भट्टी आणि प्रमथनाथ बोस

केडगावच्या काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे खडे चुनखडीचे असतात. त्यांच्याशी रंगाने साम्य असलेला मॅग्नेसाइट दख्खनच्या काळ्या कातळात मिळत नाही. त्याचे प्रसिद्ध साठे तमिळनाडूत, सेलमच्या खडूच्या टेकड्यांत आहेत. तेथील मॅग्नेशियमने संपन्न अशा डनाइट खडकाचे कर्बाम्लयुक्त पाण्यामुळे रूपांतर होऊन त्याच्या पांढऱ्या शिरा बनल्या. हा दगड भाजून केलेल्या विटा पोलादाच्या भट्टीचा प्रखर ताप सोसतात व लोखंडातील स्फुरद काढून टाकण्यास साहाय्य करतात. भूशास्त्र सर्वेक्षण खात्याच्या मिडलमिस यांनी १८९६ मध्येच या टेकड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पण अस्तराची निकड भासण्यास देशात आधी भट्टी हवी होती!

ती ज्यांच्यामुळे उभी राहिली, ते प्रमथनाथ बोस याच खात्यातले. १८५५ मध्ये बंगालमध्ये जन्मलेले बोस १८७४ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीवर विलायतेस गेले आणि १८८० मध्ये खात्यात रुजू झाले. अर्थेतिहासकार रमेशचंद्र दत्त हे त्यांचे श्वशुर. राज्यकर्त्यांच्या आर्थिक धोरणाचा हिशेब जावयाने खडकांत मांडला, असे म्हणावयास हरकत नाही. मध्य प्रांतातील धल्ली-राजहरा येथील लोहसाठ्यांची नोंद त्यांचीच. जमशेटजी टाटांचे लक्ष आरंभी चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्यावर होते; परंतु वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्यास निरुपयोगी ठरला. पुढे दोराबजींनी नागपूरच्या संग्रहालयात पाहिलेल्या नकाशाने टाटांना दुर्गच्या डोंगरांकडे वळविले.

१९०३ मध्ये खात्याचे संचालकपद बोस यांना डावलून हॉलंड यांस देण्यात आले. हॉलंड नोकरीत त्यांना दहा वर्षांनी कनिष्ठ. बोस यांनी राजीनामा दिला. सेवाज्येष्ठतेचे महत्त्व जाणणाऱ्या कोणत्याही नोकरदारास त्यातील शल्य सांगावे लागणार नाही. सरकारने मात्र एका अपमानापायी आपला अनुभवी भूशास्त्रज्ञ गमावला, आणि त्याचा लाभ मयूरभंज संस्थानास झाला. गुरुमहिसानीच्या डोंगरातील विपुल लोहसाठा बोस यांनी शोधला व २४ फेब्रुवारी १९०४ रोजी जमशेटजींना पत्राने कळविला. जमशेटजी त्याच वर्षी मे महिन्यात निवर्तले. कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली आणि १९१२ मध्ये पोलाद निघू लागले.

१९०६ मध्ये बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूटचे मानद प्राचार्यपद बोस यांनी स्वीकारले. उत्तरायुष्यात ते रांचीस राहिले. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले. सेलमचा साठा हाताशी असूनही, आज आपले पोलाद कारखाने मॅग्नेशियासाठी मोठ्या प्रमाणात चीनवर विसंबून आहेत.