ड्रॅगनला नाव हवंय? आधी सुकथनकरांना भेटा

कॅम्पेन दोन महिने रंगलंय. पार्टी गुहेच्या तोंडाशी येऊन थांबलीय, वीस बाजूंचा फासा हातात खुळखुळतोय आणि पुढच्या सेशनला ड्रॅगन समोर यायचाय. डन्जन मास्टर तुम्ही आहात आणि तुमच्या ड्रॅगनला अजून नाव नाही. मग रात्री एक वाजता नेम जनरेटर उघडायचा, 'झ', 'क्स' आणि 'थ' कोंबलेलं एखादं नाव उचलायचं आणि सेशनमध्ये ते एकदा अडखळत म्हणायचं. पुढच्या शनिवारपर्यंत टेबलावरचे सगळे ते विसरलेले असतात. तुम्हीसुद्धा!

खुद्द या खेळाने काय केलं, ते बघा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली बाजारात आला. त्यातली पाच तोंडांची ड्रॅगन राणी तियामत. हे नाव प्राचीन मेसोपोटेमियाच्या पुराणकथांमधलं आहे. तिचा शत्रू बहामुत, त्याचं नाव अरबी कथांमधून आलंय. म्हणजे ज्यांनी हा खेळ रचला त्यांनीही उसनवारी केलीच. मग आपण आपल्याच घरातून उसनं घ्यायला काय हरकत आहे?

आपल्या घरात ड्रॅगन कुठे, असं वाटेल. पण बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा तिथल्या भाषांतरकारांनी 'नाग' या शब्दासाठी जो शब्द वापरला, तो चिनी ड्रॅगनचाच. आपले पुराणातले नागही बोलतात, रूप बदलतात, शाप देतात, खजिने राखतात आणि राजांशी वैर धरतात. त्यांच्या नावांची एक मोठी यादी महाभारताच्या आदिपर्वात आहे. ती यादी आज तुम्ही ज्या रूपात वाचू शकता, ते रूप ठरवणारा माणूस पुण्यात, भांडारकर संस्थेत बसून काम करायचा. विष्णू सीताराम सुकथनकर त्यांचं नाव.

जळालेल्यांची यादी

आधी यादीची गोष्ट. तक्षक नागाच्या दंशाने राजा परीक्षित मरतो. त्याचा मुलगा जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो. मंत्र म्हटले जातात आणि सापांचे थवेच्या थवे आगीत येऊन पडतात. शेवटी आस्तिक नावाचा तरुण ऋषी राजाकडून वर मिळवून हा यज्ञ थांबवतो आणि तक्षक वाचतो. पुढे नैमिषारण्यात ही कथा ऐकताना शौनक एक वेगळाच प्रश्न विचारतो. त्या आगीत जे पडले, त्यांची नावं काय होती?

मग सूत नावं सांगायला लागतो. वासुकी, तक्षक, ऐरावत, कौरव्य आणि धृतराष्ट्र (हा कौरवांचा बाप नव्हे, त्याच नावाचा नाग) अशी पाच कुळं, आणि प्रत्येक कुळातले कोण कोण गेले ते. महाहनु, म्हणजे मोठ्या जबड्याचा. कालदंतक, काळ्या दातांचा. शंकुकर्ण, खुंट्यासारख्या कानांचा. प्रवेपन, थरकाप उडवणारा. आदिपर्वात याच्या थोडं आधी नागांची आणखी एक यादी येते. तिथे मूषकाद आहे, उंदीर खाणारा. पुष्पदंष्ट्र आहे, फुलासारख्या सुळ्यांचा. हेमगुह आहे, आणि या नावात तर सोन्याची गुहाच दडलीय. खजिन्यावर वेटोळं घालून बसलेल्या ड्रॅगनला आणखी काय पाहिजे? गंमत म्हणजे या याद्यांमध्ये प्रमोद आणि प्रभाकरही आहेत. सोसायटीतल्या प्रभाकरकाकांना हे सांगून बघा.

पण दोन वेगवेगळ्या प्रती उघडल्या की घोळ सुरू होतो. पूर्वापार छापल्या जाणाऱ्या पाठात वासुकीच्या कुळात कालवेग आहे, हिरण्यबाहु आहे, हलीमक आहे. भांडारकर संस्थेच्या आवृत्तीत त्याच जागी कोणवेग, हिरण्यवाह आणि हलीसक आहेत. हलीमक आणि हलीसक पुन्हा एकदा बघा. 'म' आणि 'स', एवढाच फरक. हाताने लिहिताना एक रेघ इकडची तिकडे झाली तरी नागाचं नाव बदलतं. मग खरं नाव कुठलं? हे ठरवायचं कुणी, आणि कशाच्या जोरावर?

गणितातून पोथ्यांकडे

सुकथनकरांचा जन्म ४ मे १८८७ चा. शिकायला ते केंब्रिजला गेले आणि तिथे विषय घेतला गणित. पुढे मन संस्कृतकडे वळलं आणि ते बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स या मोठ्या पंडिताकडे गेले. तिथे त्यांनी शाकटायनाच्या व्याकरणावर डॉक्टरेटचं काम केलं. जुन्या ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती शेजारी शेजारी ठेवून मूळ पाठापर्यंत मागे मागे कसं जायचं, याचं शास्त्र तेव्हा जर्मनीत जोरात होतं. सुकथनकर त्या तालमीत तयार झाले. भारतात परतल्यावर काही वर्षं पुरातत्त्व खात्यात काढली, शिलालेख वाचले, भासाच्या नाटकांवर लिहिलं.

इकडे पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली होती. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची, हे तिचं मोठं स्वप्न. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाला सुरुवातही झाली. पण लाखभर श्लोकांचा ग्रंथ, देशभर विखुरलेल्या पोथ्या आणि काम कसं करायचं याचा कुठेही तयार नमुना नाही. १९२५ मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक म्हणून आले तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.

काम कसं चालायचं, ते डोळ्यांसमोर आणा. एका श्लोकासाठी एक मोठा कागद. वरच्या ओळीत नेहमीचा पाठ, एकेका चौकटीत एकेक अक्षर. खालच्या ओळी वेगवेगळ्या पोथ्यांच्या. जिथे पोथीतलं अक्षर वेगळं, तिथे त्या चौकटीत ते लिहायचं. पोथ्या काश्मीरच्या शारदा लिपीतल्या, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीतल्या. त्या वाचणारी माणसं वेगवेगळी. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावरलाही हे अक्षरं ताडून बघण्याचं काम चालायचं. एक्सेल शीट नाही, सर्च नाही. एकट्या आदिपर्वासाठी असे सात हजारांहून जास्त श्लोक. त्यात नागांच्या याद्या म्हणजे मोठीच डोकेदुखी असणार, कारण वाक्यात चुकलेला शब्द अर्थावरून पकडता येतो, पण नाव कशावरून पकडणार? पिच्छल बरोबर की पिच्छिल, हे कुठलंही व्याकरण सांगत नाही.

सुचलं म्हणून लिहायचं नाही

इथे आपल्यासारख्याने काय केलं असतं? कानाला बरं वाटणारं नाव ठेवलं असतं. कालवेग! काय भारी नाव आहे, काळाच्या वेगाचा. कोणवेग म्हणजे काय, ते पटकन कळतही नाही. शतकानुशतकं पोथी उतरवून काढणाऱ्यांनाही असाच मोह व्हायचा. न कळणाऱ्या शब्दाच्या जागी ते कळणारा शब्द लिहून टाकायचे. उलटं सहसा होत नाही. सोपा शब्द खोडून कुणी मुद्दाम अवघड लिहीत बसत नाही. म्हणून पाठ ठरवण्याच्या शास्त्रात एक नियम आहे. इतर पुरावा सारखाच असेल, तर अवघड वाटणारा पाठ जुना असण्याची शक्यता जास्त.

सुकथनकरांचा खरा भर मात्र दुसऱ्या एका गोष्टीवर होता. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी एकमेकींपासून इतक्या लांब वाढल्या, की एकीची नक्कल दुसरीने केली असण्याची शक्यता कमी. त्या दोघी एखाद्या शब्दावर एकत्र आल्या, तर तो शब्द दोघींच्याही आधीचा मानायला आधार मिळतो. या कसोटीवर कितीही लाडकी गोष्ट टिकली नाही, तर ती मूळ पाठातून बाहेर. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं, ही आपल्या सगळ्यांची आवडती कथा त्यांनी अशीच मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. गणपतीच्या पुण्यात बसून हे करायला काय धाडस लागलं असेल, विचार करा. पण त्यांनी ती फेकून दिली नाही. बाजूला पडलेला प्रत्येक पाठ तळटीपेत किंवा परिशिष्टात छापला, म्हणजे पुढच्याला तपासता यावा. कालवेगही असा कायमचा हरवला नाही.

पोथ्यांमध्ये नसलेला शब्द पदरचा घालणं त्यांनी अगदी मोजक्या ठिकाणी केलं. आणि निवडलेल्या पाठाची पुरती खात्री नसली, की त्याखाली ते रेघ द्यायचे. सरळ नाही, नागमोडी. आदिपर्व वाचताना अशा रेघा दिसल्या, की समजायचं, इथे संपादक स्वतःची शंका तुमच्यापुढे उघडी ठेवतोय.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये बाहेर आला, पूर्ण पर्व १९३३ मध्ये. त्यानंतर काही वर्षांनी नेपाळमधून आदिपर्वाची एक खूप जुनी ताडपत्री पोथी उजेडात आली. एखाद्याने आठ वर्षं खपून मूळ पाठ मांडावा आणि नंतर त्याने न पाहिलेला जुना पुरावा समोर यावा, यापेक्षा अवघड परीक्षा नाही. सुकथनकरांनी ती पोथी ताडून पाहिली आणि तिच्यावर लेख लिहिला. त्यांनी ठरवलेल्या पाठाला त्या पोथीने पाठिंबाच दिला.

राहिलेलं चौथं व्याख्यान

नुसती अक्षरं मोजणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल वाटून घेऊ नका. महाभारतात भृगुकुळाच्या कथा एवढ्या का शिरल्या, यावर त्यांनी १९३६ मध्ये लिहिलेला निबंध आजही वाचला जातो. नागांची नावं विचारणारा शौनक याच कुळातला, हे लक्षात आलं की सर्पसत्राची कथा पुन्हा वाचावीशी वाटते. १९४२ पर्यंत त्यांनी आरण्यकपर्वही पूर्ण केलं. मग मुंबई विद्यापीठाने त्यांना महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानं द्यायला बोलावलं. वर्षानुवर्षं शब्द तपासल्यानंतर, या सगळ्याचा अर्थ काय, हे ते आता मोकळेपणाने सांगणार होते. तीन व्याख्यानं झाली. चौथं २१ जानेवारी १९४३ ला होतं. त्याच दिवशी ते गेले. वय ५५. ती व्याख्यानं पुस्तकरूपाने यायला १९५७ उजाडलं.

अठरा पर्वांपैकी दोन त्यांच्या हातून पूर्ण झाली होती. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादक म्हणून काम नेलं. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पुण्यात काम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सुरुवातीपासून मोजलं, तर ४७ वर्षं. पद्धत मात्र शेवटपर्यंत सुकथनकरांनी आखलेलीच राहिली.

ती नावं अजूनही वापरात येतात. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत सापडलेल्या, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका अजस्र सापाच्या जीवाश्माला २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी नाव दिलं, वासुकी इंडिकस.

तेव्हा तुमच्या ड्रॅगनसाठी खुशाल हेमगुह घ्या, महाहनु घ्या. फक्त ते घेताना लक्षात असू द्या, की सर्पसत्राची यादी ही आगीत गेलेल्यांची आहे. कालदंतक हे नाव टेबलावर मोठ्याने म्हणाल, तेव्हा त्या नावामागे एक जळालेलं कूळ आहे, एका राजाचा सूड आहे. तुमच्या ड्रॅगनला माणसांचा राग का, याचं उत्तर तिथे आयतं मिळेल.

आणि स्वतःचंच नाव बनवायचं असेल, तर त्यालाही तिथे जागा आहे. सूत म्हणतो, मी सांगितली ती फक्त मुख्य नावं. त्यांची मुलं, मुलांची मुलं मोजता येणार नाहीत इतकी आहेत, ती सांगत बसत नाही. सुकथनकरांनी ती जागा रिकामीच ठेवली, कारण ते संपादक होते. तुम्ही डन्जन मास्टर आहात. ती जागा तुम्ही भरू शकता.