हेलन केलर : तळहातावरचे कॉलेज

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी धावपळ सुरू होते. धडधाकट मुलांनाही ती दमवते. मग जिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशा मुलीने कॉलेजात शिकायचे तरी कसे? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हेलन केलरने ते करून दाखवले. तिच्या बालपणाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. कॉलेजची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील टस्कंबिया या गावी झाला. एकोणीस महिन्यांची असताना एका आजारात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ साली अ‍ॅन सुलिवन या शिक्षिका तिच्या घरी आल्या. बोटांच्या खुणांनी तिच्या तळहातावर एकेक अक्षर काढून त्यांनी तिला भाषा शिकवली. आपण हार्वर्डला शिकणार, असे हेलनने लहानपणीच जाहीर करून टाकले होते. हार्वर्डमध्ये तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी शेजारीच रॅडक्लिफ कॉलेज होते. तिच्या शिक्षणासाठी लेखक मार्क ट्वेन यांनी शब्द टाकला आणि त्यांचे उद्योगपती मित्र हेन्री रॉजर्स यांनी खर्चाचा भार उचलला.

प्रवेशाची वाट सोपी नव्हती. भूमितीच्या आकृत्या दिसत नसल्यामुळे ती उशीवर सरळ आणि वाकड्या तारा टोचून त्या तयार करी आणि बोटांनी चाचपून पाही. १८९९ च्या प्रवेश परीक्षेत सुलिवनबाईंना प्रश्न सांगायला बसू दिले नाही. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये दिल्या. पण बीजगणिताची चिन्हे तिच्या सवयीच्या ब्रेलहून वेगळी निघाली. हे कळले तेव्हा परीक्षेला दोनच दिवस उरले होते. आदल्या रात्रीपर्यंत ती नवी चिन्हे घोकत होती. तरीही ती उत्तीर्ण झाली आणि १९०० साली रॅडक्लिफमध्ये दाखल झाली.

वर्गात सुलिवनबाई शेजारी बसून प्राध्यापकांचे प्रत्येक वाक्य तिच्या हातावर उतरवीत. हात असा ऐकण्यात गुंतलेला असल्यामुळे तिला टिपणे काढता येत नसत. घरी गेल्यावर आठवेल तेवढे ती लिहून ठेवी. ब्रेलमध्ये फार थोडी पुस्तके मिळत, बाकीची बाईंनी हातावर वाचून दाखवायची. त्यामुळे इतर मुलींचा अभ्यास आटोपून त्या गाण्यात, खेळण्यात रमल्या तरी हेलनचे धडे संपत नसत. याचे तिला वाईट वाटे, रागही येई. बाईंची स्वतःची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती. इतक्या वाचनाने त्यांचे डोळे आणखी थकत. १९०४ साली हेलन विशेष प्रावीण्यासह बी.ए. झाली. तिच्याबरोबर सर्व तासांना बसलेल्या बाईंना मात्र पदवी नव्हती.

पुढे हेलनने अंध बांधवांसाठी जगभर प्रवास केला. १९५५ साली ती भारतातही येऊन गेली. १ जून १९६८ रोजी तिचे निधन झाले.

हेलनकडे बुद्धी आणि जिद्द होतीच. पण प्रवेश परीक्षेत तिची वाट अडली ती बुद्धीपाशी नव्हे, अनोळखी चिन्हांपाशी. आपल्या देशात २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित कॉलेजांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याची तरतूदही त्यात आहे. हे अनेक पालकांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी ऐन परीक्षेच्या वेळी लेखनिक शोधत फिरावे लागते.

आपल्या ओळखीत असा विद्यार्थी असेल तर त्याला ही माहिती अवश्य सांगू या. आणि आपल्या तरुण-तरुणींनी वर्षातले तीन तास कुणाची तरी उत्तरपत्रिका लिहायला दिले, तर सुलिवनबाईंच्या कामाचा एक छोटासा वाटा आपणही उचलल्यासारखे होईल.