तापातून उपाय शोधणारे डॉ. विल्यम कोली

हाताला जरासे लागते, सूज येते. आज उतरेल, उद्या उतरेल, म्हणून आपण दुखणे अंगावर काढतो. घरातल्या साऱ्यांचे करून झाले की मग आपल्या दुखण्याची आठवण व्हायची! आपल्यापैकी कितीजणींची ही रीत आहे, हे निराळे सांगायला नको. अशाच एका किरकोळ दुखापतीतून वैद्यकशास्त्राच्या एका मोठ्या शाखेचा उगम झाला. दुखापत झाली होती अमेरिकेतील एका सतरा वर्षांच्या मुलीला, आणि तिच्या मृत्यूने ज्यांच्या आयुष्याची दिशा बदलली ते होते न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य डॉ. विल्यम कोली. शरीराच्या अंगच्या प्रतिकारशक्तीला जागे करून कर्करोगावर मात करण्याचे जे शास्त्र आज जगभर मान्यता पावले आहे, त्याचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. हा मान मात्र हयातीत त्यांच्या वाट्याला आला नाही.

विल्यम ब्रॅडली कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात झाला. येल विद्यापीठातून १८८४ साली पदवी घेतल्यावर त्यांनी दोन वर्षे पोर्टलंड येथे मुलांना लॅटिन व ग्रीक शिकविले. पण ओढा वैद्यकाकडे होता. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयातून १८८८ मध्ये ते डॉक्टर झाले आणि न्यूयॉर्कच्या इस्पितळात दाखल झाले. भूल देण्याची सोय होऊन तेव्हा चार तपे उलटत आली होती, जंतुनाशक पद्धतीही रूढ होत होती. त्यामुळे शस्त्रवैद्यांचा आत्मविश्वास मोठा होता. तरुण कोलीही त्याच विश्वासाने शस्त्र हाती धरीत होते.

१८९० साली एलिझाबेथ डॅशिएल नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. घरची मंडळी तिला बेसी म्हणत. उन्हाळ्यात आगगाडीच्या प्रवासात दोन बाकांमध्ये तिचा हात चेमटला होता. सूज उतरेना, वेदना थांबेनात. तपासणीअंती निदान झाले ते सार्कोमाचे, म्हणजे हाडे, स्नायू अशा ठिकाणी उद्भवणाऱ्या कर्करोगाचे. कोलींनी कोपराखालून हात कापला. त्या काळी याहून अधिक कोणाच्याच हाती नव्हते. पण रोग आधीच अंगभर पसरला होता. १८९१ च्या जानेवारीत बेसीने प्राण सोडला. पुढे अब्जावधींची संपत्ती हाताळणारा जॉन रॉकफेलर (धाकटा) हा तिचा बालमित्र. बहिणीसारख्या मैत्रिणीचे ते मरण तो कधी विसरला नाही, आणि कर्करोगाच्या संशोधनाला पुढे रॉकफेलर घराण्याचे मोठे साहाय्य झाले.

एकोणतिसाव्या वर्षी असा रोगी हातचा गेला म्हणजे डॉक्टर हळहळतो आणि दुसऱ्या रोग्याकडे वळतो. कोलींना ते जमले नाही. इस्पितळातील सार्कोमाच्या साऱ्या जुन्या नोंदी काढून ते वाचीत बसले. त्यात त्यांना एक विलक्षण हकीकत सापडली. सहा-सात वर्षांपूर्वी स्टाइन नावाचा एक जर्मन मनुष्य मानेवरील गाठीसाठी तेथे दाखल झाला होता. गाठ कापावी, ती पुन्हा वाढावी, असे अनेकदा झाले. अखेर जखमेतून त्याला विसर्प झाला. ज्याला आपल्याकडे जुनी माणसे धावरे म्हणत, तोच हा रोग; कातडी लालभडक सुजते, थंडी वाजून जोराचा ताप भरतो, आणि त्या काळी यात माणसे दगावत. हा मनुष्य मात्र तापातून उठला, आणि उठला तो गाठ नाहीशी होऊन!

नोंद एवढ्यावरच थांबत होती. पुढे त्या माणसाचे काय झाले? हे कळल्यावाचून त्या नोंदीला किंमत नव्हती. कोली स्वतः उठले आणि न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील गरिबांच्या चाळी त्यांनी जिने चढून-उतरून पालथ्या घातल्या. अखेर स्टाइन सापडला. मानेवर जुना वण होता, रोगाचे नावही नव्हते.

तेव्हा कोलींच्या मनात विचार आला: जे एकदा योगायोगाने घडले, ते मुद्दाम घडवून आणता येईल काय? १८९१ च्या मे महिन्यात झोला नावाच्या एका इटालियन रोग्यावर त्यांनी हा प्रयोग सुरू केला. त्याच्या घशात व मानेत गाठी होत्या, गिळणे अशक्य होत चालले होते आणि आयुष्य काही आठवड्यांचे उरले होते. पहिल्या जंतूंनी थोडाच गुण आला. मग जर्मनीहून, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून, अधिक जहाल जंतू आणवले. ते टोचताच रोग्याला असा विसर्प झाला की तो हातचा जातो की काय असे वाटले. पण थोड्याच दिवसांत मानेची गाठ फुटून विरघळू लागली, आणि दोन आठवड्यांत नाहीशी झाली. तो मनुष्य पुढे आठ वर्षांहून अधिक जगला.

हा मार्ग किती धोक्याचा होता हेही सांगितले पाहिजे. जिवंत जंतू कोणाला मुळीच बाधत नसत, तर कोणाचा प्राण घेत. दोन रोगी या उपचारानेच दगावले. तेव्हा कोलींनी जिवंत जंतू सोडले आणि दोन जातींचे मारलेले जंतू एकत्र करून टोचण्याचे औषध केले. तेच पुढे कोलींचे विष या नावाने ओळखले गेले. १८९३ च्या जानेवारीत पोटात मोठी गाठ झालेल्या एका सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी ते प्रथम दिले. दर वेळी थंडी-ताप येई आणि गाठ हळूहळू लहान होई. मुलगा मे महिन्यात घरी गेला. पुढे सव्वीस वर्षे तो जगला आणि वारला तो हृदयविकाराने. त्यानंतर चाळीस वर्षे कोलींनी हा उपचार चालू ठेवला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल इस्पितळात हाडांच्या कर्करोगाचा विभाग त्यांच्याकडे होता, आणि १८९९ पासून पार्क-डेव्हिस ही औषध कंपनीही ही लस बनवू लागली.

मग मान्यता का मिळाली नाही? काही अंशी दोष त्यांच्याकडेही जातो. निरनिराळ्या प्रयोगशाळांत बनलेल्या औषधाची शक्ती सारखी नसे. मात्रा किती, किती दिवस, कोठे टोचायचे, याला ठाम नियम नव्हता. कित्येक रोग्यांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्या. एकाला गुण का येतो आणि दहांना का येत नाही, हे त्यांना सांगता येईना. जंतूंचे विषच गाठीला मारते अशी त्यांची समजूत होती, ती पुढे अपुरी ठरली. त्यातच १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, पाठोपाठ रेडियम आले. त्यांचे कार्य डोळ्यांना दिसे, मोजता येई. त्याच मेमोरियल इस्पितळातील विख्यात रोगनिदानतज्ज्ञ डॉ. जेम्स युइंग हे किरणोपचाराचे खंदे पुरस्कर्ते, आणि कोलींच्या लसीचे तितकेच कठोर टीकाकार होते. १६ एप्रिल १९३६ रोजी कोली निवर्तले, तेव्हा त्यांचे कार्य जवळजवळ विस्मृतीत जमा झाले होते.

येथे या कथेत एक स्त्री येते. कोलींची कन्या हेलन कोली नॉट्स ही ना डॉक्टर, ना महाविद्यालयाची पदवीधर. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून तिने त्यांची जुनी पत्रे व टिपणे उघडली आणि त्यातच ती गुंतली. वैद्यकाची भाषा ती स्वतः शिकली. इस्पितळांना, डॉक्टरांना, रोग्यांच्या नातलगांना पत्रे धाडून तिने एकेका रोग्याचा माग काढला. बापाने जिने चढून केले तेच लेकीने लेखणीने केले. सुमारे नऊशे रोग्यांच्या हकीकती तिने अशा जुळवल्या. १९५३ मध्ये तिने एका सहकाऱ्यासह न्यूयॉर्कला कर्करोग संशोधन संस्था स्थापन केली. आरंभीचे दोन हजार डॉलर दिले ते नेल्सन रॉकफेलर यांनी, म्हणजे बेसीच्या त्या बालमित्राच्या मुलाने! तरीही वाट सोपी नव्हती. १९६५ मध्ये कोलींचे औषध अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या अप्रमाणित उपचारांच्या यादीत गेले, ते दहा वर्षांनी त्यातून निघाले. हेलनबाई २००१ मध्ये, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन वारल्या.

गाठ विरघळण्याचे कारण हळूहळू उलगडले. जंतू अंगात शिरताच रक्तातील पांढऱ्या पेशी सावध होतात आणि काही द्रव्ये सोडतात. त्यातील एक द्रव्य गाठीला मारू शकते, असे १९७५ मध्ये डॉ. लॉइड ओल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. घरात चोर शिरला म्हणून रखवालदार जागा व्हावा, आणि कधीचा लपलेला दुसराच चोर त्याच्या हाती लागावा, तसा हा प्रकार आहे. आपल्या तान्ह्या बाळांच्या दंडावर क्षयाविरुद्ध टोचतात ती बी. सी. जी. लसही मूत्राशयाच्या आरंभीच्या कर्करोगात १९७० नंतरच्या दशकापासून अशाच रीतीने उपयोगी पडत आली आहे. प्रतिकारशक्तीला जखडणारे लगाम सैल करून कर्करोगाशी लढण्याची युक्ती शोधल्याबद्दल २०१८ चे नोबेल पारितोषिक जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना मिळाले. कोलींची लस आज नेहमीच्या उपचारात नाही. पण वाट त्यांचीच.

भगिनींनो, यावरून तापाने कर्करोग बरा होतो असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. गाठ दिसली, सूज उतरली नाही, तर लाज न धरता, घरकामाची सबब न सांगता लवकर दाखवावी. बेसीच्या कथेचा आपल्यापुरता बोध हाच. कोलींचा थोरपणा मात्र निराळा आहे. आपल्या हातून एक मुलगी वाचली नाही, हे त्यांनी विसरून जायचे नाकारले. त्यांना उत्तर पुरते सापडले नाही. पण प्रश्न त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही, आणि त्यांच्यामागे त्यांच्या मुलीनेही तो सोडला नाही. आज कितीतरी घरांत त्या चिकाटीमुळे कोणाची आई, कोणाची लेक पुन्हा हिंडूफिरू लागली आहे.