कोडमधल्या गुंत्याचा वैरी : एड्स्गर डायक्स्ट्रा

१९५७ साली ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेत एका विवाहाची नोंद व्हायची होती. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचे, असे विचारल्यावर वराने ‘प्रोग्रामर’ असे उत्तर दिले. असा व्यवसायच अस्तित्वात नाही, या कारणास्तव ते लिहून घेण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला आणि अखेर कागदोपत्री वर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ ठरला. वधू होती मारिया डेबेट्स आणि वर एड्स्गर वीबे डायक्स्ट्रा. नगरपालिकेने जो व्यवसाय मान्य केला नाही, त्याच व्यवसायातील वाईट सवयींवर पुढची पंचेचाळीस वर्षे या गृहस्थाने कोरडे ओढले.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितात निष्णात. एखादी सिद्धता पाच ओळींच्या पलीकडे जाऊ लागली, की वाट चुकली असे समजावे, ही आईची शिकवण त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. मुलाला कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. पण शाळेतील विज्ञानविषयांच्या गुणांनी त्याला लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळवले. १९५१ मध्ये केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांनी घेतलेल्या तीन आठवड्यांच्या वर्गात त्यांनी प्रोग्रामिंगचे पहिले धडे गिरवले आणि मार्च १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करू लागले. नेदरलँड्समधील पहिला प्रोग्रामर म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

त्या केंद्राचा पहिला संगणक, ‘आरा’, मोठा लहरी होता. त्याच्या औपचारिक उद्घाटनाला पाहुण्यांसमोर कोणते काम करून दाखवावे, हा संबंधितांना पडलेला प्रश्न. त्यांनी यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसलेल्या आकड्यांची निर्मिती करून दाखवली. त्याहून अवघड काही करण्याचे धाडस कोणाला झाले नाही. निवड शहाणपणाचीच म्हणावी लागेल, कारण अशा आकड्यांमध्ये एखादा चुकला तर तो चुकला हे ओळखणार कोण? पुढच्या यंत्रांच्या वेळी परिस्थिती सुधारली, तरी एक गोष्ट तशीच राहिली. यंत्र बांधणारे सहकारी खालच्या मजल्यावर जोडण्या करीत असत, तेव्हा डायक्स्ट्रा अजून तयारच न झालेल्या यंत्रासाठी आज्ञावल्या लिहीत असत. चालवून पाहण्याची सोय नसल्यामुळे कागदावरच सगळे बिनचूक असावे लागे. ‘आधी लिहू, चालवून पाहू, मोडले तर ठिगळ लावू’ ही आज घरोघरच्या प्रोग्रामरची सवय. डायक्स्ट्रा यांना ती लागण्याची संधीच मिळाली नाही.

१९५६ मध्ये ‘आरमॅक’ या नव्या यंत्राच्या उद्घाटनासाठी सामान्य माणसालाही समजेल असे उदाहरण हवे होते. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा प्रश्न त्यांनी निवडला. वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून दमलेले असताना एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी घेता घेता, कागद-पेन्सिलीविना, सुमारे वीस मिनिटांत त्यांनी त्याची रीत शोधून काढली. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधील ६४ शहरे घेतली होती, कारण तेवढ्यांचे क्रमांक सहा बिटांत मावतात. १९५९ मध्ये ही रीत अवघ्या तीन पानांच्या निबंधात प्रसिद्ध झाली. संगणक अभियांत्रिकी शिकणारा पणजीचा, बेळगावचा किंवा इंदूरचा विद्यार्थी डायक्स्ट्रा हे नाव प्रथम ऐकतो ते बहुधा याच रीतीमुळे, आणि परीक्षेत उच्चार लिहावा लागत नाही याबद्दल देवाचे आभार मानतो.

त्याच सुमारास ‘एक्स-वन’ या यंत्रात एक नवी सोय येऊ घातली होती. बाहेरचे उपकरण कोणत्याही क्षणी चालू कामात व्यत्यय आणू शकणार होते. ही कल्पना ऐकून डायक्स्ट्रा अक्षरशः घाबरले. व्यत्ययाचा क्षण दर वेळी निराळा असणार. मग आज झालेली चूक उद्या पुन्हा घडवून कशी पाहणार? सहकाऱ्यांना त्यांचे मन वळवायला काही महिने लागले. शेवटी याच विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे याप झोन्नेफेल्ड यांच्यासह त्याच यंत्रासाठी ‘अल्गोल ६०’ या भाषेचा अनुवादक, म्हणजे कंपायलर, लिहायला घेताना दोघांनी काम पुरे होईपर्यंत दाढी न करण्याचा पण केला. ऑगस्ट १९६० मध्ये काम संपले. झोन्नेफेल्ड यांनी दाढी उतरवली. डायक्स्ट्रा यांनी ती जन्मभर ठेवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. ज्या वादामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, तो याच काळातला. त्या काळच्या आज्ञावल्यांत ‘गो टू’ ही आज्ञा मुक्तहस्ताने वापरली जाई. तिचा अर्थ साधा आहे : इथले काम थांबव आणि अमुक ओळीवर उडी मार. वृत्तपत्राच्या वाचकाला ‘उर्वरित मजकूर पान ६ वर’ ही सूचना परिचयाची असते. पण सहाव्या पानावर चार ओळी वाचल्यावर दुसऱ्या पानाच्या मध्यावर जा, तिथून परत पहिल्या पानाच्या तिसऱ्या परिच्छेदात या, असे सुरू झाले तर? त्यातही दुसऱ्या पानावर पोहोचलेल्याला आपण कोठून आलो याची खूण नाही. त्याच परिच्छेदात आणखी पाच ठिकाणांहून लोक येऊन पडत आहेत. ताटातल्या शेवयांसारखा हा गुंता. इंग्रजीत त्याला स्पॅगेटीचे नाव मिळाले.

त्यातले काही नमुने आज विनोदी वाटतात. बेसिक भाषेत ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक देत, म्हणजे मध्ये भर घालायला जागा राहत असे. ती जागा संपली, की प्रोग्रामर थेट ५००० व्या ओळीवर उडी मारून तिथे उरलेला संसार थाटी आणि काम झाल्यावर परत उडी मारून मूळ घरी येई. फोरट्रानमधील एक प्रकारची ‘जर’ आज्ञा संख्या ऋण, शून्य की धन हे पाहून तीन दिशांना पाठवी. कोबोलने तर कमाल केली. त्यात ‘ऑल्टर’ नावाची आज्ञा होती. ती दुसरीकडच्या ‘गो टू’चा पत्ताच बदलून टाकी. म्हणजे तिठ्यावरची पाटी डावीकडे पणजी म्हणते, पण दहा मैलांवरच्या कोणीतरी ती रात्रीतून मडगावकडे फिरवलेली असते, आणि कागदावर मात्र पणजीच लिहिलेले दिसते. अशा आज्ञावल्यांवर बँकांचे हिशेब आणि पगारपत्रके चालत होती.

कोणत्याही आज्ञावलीला क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन घडणी पुरतात, हे बोम आणि याकोपिनी यांनी १९६६ मध्येच गणिताने सिद्ध केले होते. डायक्स्ट्रा यांचा मुद्दा त्याहून वेगळा आणि अधिक मानवी होता. स्थिर चित्र माणसाच्या बुद्धीला सहज पेलते, काळात उलगडणारी प्रक्रिया तितकीशी पेलत नाही. म्हणून कागदावरचा मजकूर आणि यंत्रात घडणारी प्रक्रिया यांतील अंतर शक्य तितके कमी ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. अनिर्बंध उडी हे अंतर वाढवते. याविषयी त्यांनी पाठवलेले टिपण मार्च १९६८ मध्ये संगणकतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेच्या मासिकात पत्ररूपाने छापून आले. त्याचे गाजलेले शीर्षक त्यांचे नव्हेच. संपादक निक्लाउस विर्थ यांनी, पुढे पास्कल भाषा घडवणाऱ्याच विर्थ यांनी, लेखकाचे सौम्य शीर्षक काढून ‘गो टू’ ही आज्ञा अपायकारक समजावी, अशा अर्थाचे ठसठशीत शीर्षक दिले. संपादकीय कात्रीने इतिहास घडवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. नंतर त्या शीर्षकाच्या नकलांचे पीकच आले.

पत्राने दोन तट पडले. १९७३ मध्ये एका नियतकालिकात ‘कम फ्रॉम’ नावाच्या आज्ञेचा प्रस्ताव गंभीर चेहऱ्याने छापला गेला. तुम्ही एका ओळीवर शांतपणे चालले आहात आणि दूरवरची दुसरी ओळ, पूर्वसूचना न देता, तुम्हाला आपल्याकडे ओढून नेते, अशी ती योजना. १९७४ मध्ये डोनाल्ड क्नुथ यांनी मोठा निबंध लिहून काही ठिकाणी ‘गो टू’च अधिक स्वच्छ ठरते हे दाखवले. १९८७ मध्ये त्याच मासिकात फ्रँक रुबिन यांनी मूळ शीर्षकच अपायकारक असल्याचे शीर्षक देऊन पत्र पाठवले आणि त्यावर उलटसुलट पत्रांचा पाऊस पडला. डायक्स्ट्रा यांनी रुबिन यांच्या छोट्याशा उदाहरणातल्या त्रुटी शाळामास्तरासारख्या मोजून दाखवल्या.

खरी गंमत अनुयायांनी केली. अनेक कचेऱ्यांत ‘गो टू’वर सरसकट बंदी आली; मग लोकांनी तीच उडी वेगळ्या वेषात मारायला सुरुवात केली. मधूनच बाहेर पडता यावे म्हणून एकदाच फिरणारे चक्र लिहायचे, दहा निशाणे उभारून प्रत्येक पावलाला ती तपासायची, एकात एक आठ कंस घालून मजकूर पानाच्या उजव्या कडेला नेऊन चिकटवायचा. नियम पाळला गेला, गुंता होता तसाच राहिला. आपण या आज्ञेबद्दल कर्मठ आहोत असे समजू नये, इतरांनी तिचा धर्म बनवला आहे, असे खुद्द डायक्स्ट्रा यांनी क्नुथ यांना कळवले होते. ही बाजू त्यांचे भक्त सहसा सांगत नाहीत.

त्यांच्या पश्चात बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, ॲपलच्या फोन आणि संगणकांतील सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये एक चूक उघडकीस आली. समोरचे संकेतस्थळ खरे आहे की तोतया, हे तपासताना काही बिघडले तर ‘फेल’ या खुणेकडे उडी मार, अशी ओळ तिथे होती. तीच ओळ लगेच खाली पुन्हा एकदा पडली होती. पहिली ओळ अटीखाली होती; दुसरी अटीखाली असल्यासारखी केवळ दिसत होती, कारण कंस घातलेले नव्हते. परिणामी उडी दर वेळी मारली जाई, स्वाक्षरीची शेवटची तपासणी होतच नसे आणि तोपर्यंत काहीच बिघडलेले नसल्याने निकाल ‘सर्व ठीक’ असा येई. नापास नावाच्या खोलीत शिरणारा प्रत्येक जण उत्तीर्णाचा दाखला घेऊन बाहेर पडत होता. लोकांनी लगेच डायक्स्ट्रांची आठवण काढली. तो दोष एकट्या ‘गो टू’चा म्हणता येणार नाही, कंसांचा आळस तितकाच जबाबदार होता, पण कागदावर दिसते एक आणि यंत्रात घडते दुसरे, हे त्यांचे जुने दुखणे मात्र तिथे तंतोतंत होते.

१९७२ चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानाला त्यांनी विनम्र प्रोग्रामर असे नाव दिले. आपल्या कवटीचा आकार मर्यादित आहे याचे भान असलेला प्रोग्रामर हुशारीच्या करामती टाळतो, हे त्याचे सूत्र. एका ओळीत अख्खी आज्ञावली कोंबून सहकाऱ्यापुढे ठेवायची आणि ही काय करते ते ओळखून दाखव म्हणायचे, किंवा याहून कमी चिन्हांत जमते का असे आव्हान द्यायचे, या खेळाचा त्यांना तिटकारा होता. १९७५ मधील एका टिपणात तर त्यांनी कोबोल शिकवणे हा गुन्हा मानावा असे सुचवले आणि बेसिकपासून सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांच्या सुधारणेची आशाच सोडली. हा निवाडा अन्यायकारक होता. १९८० च्या दशकात आपल्याकडील हजारो मुलांनी पहिली आज्ञावली बेसिकमध्येच लिहिली, आणि २००० साल जवळ येताच जुने कोबोल दुरुस्त करण्याचे काम भारतातील किती तरी प्रोग्रामरांना अमेरिकेत घेऊन गेले. त्यातले बरेच जण पुढे उत्तम अभियंते झाले. आपल्या शब्दांनी कोणी दुखावेल याची पर्वा डायक्स्ट्रा करीत नसत. संगणकशास्त्रातील उर्मटपणा मोजण्याचे एकक म्हणून ॲलन के यांनी गमतीने त्यांचेच नाव सुचवले होते.

‘बग’ या शब्दावरही त्यांचा रोष होता. प्रोग्रामरचे लक्ष नसताना किडा कोठून तरी आत शिरला, असे त्यातून सूचित होते. वास्तविक तो त्याने स्वतः आणून ठेवलेला असतो. म्हणून सरळ ‘चूक’ म्हणावे, असा आग्रह त्यांनी १९८८ मधील एका लेखात धरला. मराठी वृत्तपत्रांनी पिढ्यान्पिढ्या आपल्या चुका मुद्राराक्षसाच्या माथी मारल्या, त्याचीच ही परदेशी आवृत्ती.

१९७३ पासून बरोज कंपनीचे संशोधक म्हणून ते न्यूनेन या गावी घरीच काम करीत. १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेले. सुट्टीत पती-पत्नी आपल्या फोक्सवॅगन बसमधून राष्ट्रीय उद्याने पाहत हिंडत. ट्युरिंग यांच्या यंत्राच्या नावावर कोटी करून तिला त्यांनी ‘टूरिंग मशीन’ म्हटले होते. घरी पियानो होता, दूरचित्रवाणी नव्हती. आयुष्याच्या उत्तरार्धापर्यंत स्वतःचा संगणकही नव्हता. शेवटी आलेला मॅकिन्टॉश ईमेलपुरता. लेखन सारे फाउंटन पेनने, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक टिपणाला नावाची आद्याक्षरे, ‘ईडब्ल्यूडी’, आणि क्रमांक देऊन त्याच्या छायाप्रती ते मित्रांना धाडत. मित्र आणखी प्रती काढून पुढे पाठवत. मोजणी शून्यापासून का करावी, याचा युक्तिवाद १९८२ मधील ८३१ क्रमांकाच्या टिपणात आहे, आणि त्याच्या पहिल्या पानावर पृष्ठांक अर्थातच शून्य आहे.

१९९९ मध्ये निवृत्त झालेले डायक्स्ट्रा अखेरच्या आजारात न्यूनेनला परतले. ६ ऑगस्ट २००२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. शेवटच्या टिपणावर त्याच वर्षीची १४ एप्रिल ही तारीख आहे आणि क्रमांक आहे १३१८. विषय भूमितीचा आहे. अक्षर तेच, वळणदार आणि खाडाखोड नसलेले.