माणकजी करसेटजी आणि ‘रायझिंग स्टार’

भायखळ्याचा ‘खडा पारशी’ मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. हा पुतळा करसेटजी माणकजी श्रॉफ यांचा. परंतु पित्याचे स्मारक उभारणारे त्यांचे पुत्र माणकजी करसेटजी (१८०८-१८८७) मात्र शहराच्या स्मरणातून जवळजवळ पुसले गेले आहेत.

रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत १८४० साली प्रवेश मिळविणारे ते पहिले एतद्देशीय. तेथेही त्यांना विरोध सोसावा लागला. पण त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी लागली ती फ्रीमेसन पंथाच्या दाराशी. गवंड्यांच्या जुन्या संघांची चिन्हे मिरविणारा हा पंथ सदस्यांना परस्परांचे बंधू मानतो आणि ईश्वरावर श्रद्धा असणाऱ्या कोणालाही, निदान तत्त्वतः, आपला समजतो. मुंबईतील युरोपियनांच्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजने या सुशिक्षित पारशी गृहस्थाला मात्र नाकारले. माणकजी युरोपला गेले. इंग्लंडमध्येही कार्य साधले नाही. अखेर पॅरिसच्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. आता ते रीतसर ‘बंधू’ झाले होते. तरीही परतल्यावर ‘पर्सिव्हरन्स’ने त्यांना पुन्हा बाहेरच ठेवले!

हा अन्याय काही युरोपियन सदस्यांनाच खटकला. पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश लॉजांचे प्रमुख होते डॉ. जेम्स बर्न्स. त्यांचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, १८४१ साली काबूलच्या उठावात मारले गेले होते. त्या रक्तपातानंतर अवघ्या दोन वर्षांनी, डिसेंबर १८४३ मध्ये, याच बर्न्स यांनी एतद्देशीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन केले. अध्यक्षपद स्वतः बर्न्स यांनी घेतले, तर माणकजी चिटणीस झाले. पारशांबरोबर मुसलमान सदस्यही तेथे आले. जुन्या लॉजचे दार न उघडता शेजारी नवे घर बांधून दिले गेले, हे खरे. पण त्या घरात गोरा अध्यक्ष आणि पारशी चिटणीस एकत्र बसले, हेही त्या काळी थोडके नव्हते.

माणकजी पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. स्वतःच्या मुलींना त्यांनी इंग्रजी शिक्षण दिले, त्याबद्दल स्वकीयांचा रोष पत्करला आणि १८६३ साली मुंबईत एतद्देशीय मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली.