रविवारच्या शाळेचे गुरुजी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कनेक्टिकट नदीच्या काठी नॉर्थफील्ड नावाचे लहानसे गाव आहे. तेथे एका गवंड्याच्या घरी ५ फेब्रुवारी १८३७ रोजी ड्वाइट मूडी यांचा जन्म झाला. ड्वाइट चार वर्षांचा असताना त्याचे वडील एकाएकी वारले. आईच्या पदरी सात मुले होती आणि त्यानंतर महिन्याभरातच जुळी जन्मली. घरावर कर्ज होते. सावकारांनी हाती लागेल ते उचलून नेले. सरपणाची लाकडेसुद्धा सोडली नाहीत. तिकडची थंडी हाडे गोठवणारी असते. ज्या दिवशी चुलीत घालायला लाकूड नसे, त्या दिवशी आई मुलांना शाळेची वेळ होईपर्यंत अंथरुणातच राहायला सांगे. मुले दुसऱ्यांच्या घरी वाटून द्यावीत, असा सल्ला लोकांनी तिला दिला. तो तिने मानला नाही. तरी पोटासाठी मुलांना हिवाळ्यात परगावी कामाला जावेच लागे.

लहानगा ड्वाइटही असाच ग्रीनफील्ड या गावी कामाला गेला. पहिल्याच दिवशी त्याला घरची आठवण येऊन रडू कोसळले. तो भावाबरोबर रस्त्यात उभा असता एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले. गावात नवा मुलगा दिसला की त्याला एक सेंटचे नाणे द्यायचे, असा त्यांचा परिपाठ होता. त्यांनी ड्वाइटच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला. पृथ्वीवर बाप नसला तरी स्वर्गात एक पिता आहे, असे सांगितले आणि एक नवे कोरे नाणे त्याच्या हातावर ठेवले. त्या नाण्याचे पुढे काय झाले, हे त्याला कधीच आठवले नाही. तो हात मात्र तो जन्मभर विसरला नाही.

ड्वाइटचे शालेय शिक्षण फारच थोडे झाले. शुद्धलेखनाशी तर त्याचे शेवटपर्यंत जमले नाही. सतराव्या वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, नशीब काढण्यासाठी तो बोस्टन शहरी गेला. तेथे त्याच्या मामांचे जोड्यांचे दुकान होते. मामांनी त्याला नोकरी दिली, पण दर रविवारी चर्चमध्ये आणि तेथील रविवारच्या शाळेत गेले पाहिजे, अशी अट घातली. वर्गात पहिल्याच वेळी योहानाचे शुभवर्तमान उघडण्यास सांगण्यात आले. ड्वाइटने बायबल हाती घेतले खरे, पण पाने चाळू लागला ती ग्रंथाच्या आरंभाची. योहानाचे शुभवर्तमान तर ग्रंथाच्या पुष्कळ पुढे आहे! शेजारची मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली. तेव्हा वर्गाचे शिक्षक एडवर्ड किंबॉल यांनी गाजावाजा न करता आपल्या हातातले उघडे बायबल त्याला दिले आणि त्याचे स्वतःकडे घेतले.

किंबॉल स्वभावाने भिडस्त होते. २१ एप्रिल १८५५ रोजी ते या विद्यार्थ्याला भेटण्यास दुकानाकडे निघाले. कामाच्या वेळी आपण गेलो तर इतर नोकर त्याची थट्टा करतील, या विचारात ते दुकान ओलांडून पुढेही गेले. मग मन घट्ट करून परत फिरले. मागच्या खोलीत ड्वाइट जोडे कागदात बांधत होता. किंबॉल यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि येशूच्या प्रेमाविषयी ते चार शब्द बोलले. आपण फार दुबळे बोललो, असेच त्यांना वाटत राहिले. पण त्या घटकेला त्या तरुणाच्या मनात श्रद्धेचा उदय झाला. चर्चचा सभासद होण्यासाठी त्याने अर्ज केला, तेव्हा परीक्षकांना त्याची उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत. त्याला वर्षभर थांबावे लागले.

१८५६ मध्ये मूडी शिकागोला गेले. तेथेही ते जोडेच विकत, आणि विकण्यात मोठे वाकबगार होते. एक लक्ष डॉलर साठवावयाचे, असे त्यांनी ठरवून टाकले होते. रविवारी मात्र निराळाच उद्योग चाले. एका रविवारच्या शाळेत त्यांनी शिकविण्याची इच्छा दर्शविली. तेथे शिक्षक पुरेसे होते, म्हणून विद्यार्थी स्वतःच आणावेत, असे त्यांना सांगण्यात आले. पुढच्या रविवारी मूडी आले ते गल्लीबोळांतली अठरा अनवाणी, मळकी मुले घेऊन!

लवकरच त्यांनी शहराच्या अगदी ओंगळ वस्तीत आपली स्वतःची शाळा काढली. खिशात मेपल झाडाच्या रसाची साखर भरून ते तट्टावर बसून निघत आणि मुले त्यांच्यामागे धावत. शाळा भरे ती बाजारातल्या एका मोठ्या दिवाणखान्यात. शनिवारी रात्री तेथे नाचगाणी होत. म्हणून रविवारी पहाटे बिअरची पिंपे बाहेर काढून जागा झाडण्याचे काम गुरुजींनाच करावे लागे. मुलांची संख्या सहाशेच्या वर गेली. नोव्हेंबर १८६० मध्ये अध्यक्षपदी नुकतेच निवडून आलेले अब्राहम लिंकन या शाळेला भेट देऊन गेले.

परंतु मूडींच्या आयुष्याला खरे वळण लागले ते त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. त्यांच्या शाळेत मुलींचा एक वर्ग होता. मुली खोडकर होत्या. एकदा मूडींनी तो वर्ग घेतला, तेव्हा त्या त्यांच्या तोंडावर हसल्या होत्या. त्या वर्गाचे शिक्षक एके दिवशी दुकानात आले. चेहरा पांढराफटक पडला होता, छातीतून रक्त पडत होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. ते आईकडे मरण्यासाठी निघाले होते. मात्र त्यांना दुःख होते ते निराळेच: आपल्या एकाही विद्यार्थिनीच्या मनाला आपण स्पर्श करू शकलो नाही! मूडींनी गाडी भाड्याने केली आणि त्या आजारी माणसाला घेऊन ते घरोघर निघाले. दर मुलीच्या घरी ते शिक्षक आत जात, धापा टाकीत तिच्याशी बोलत, तिच्यासाठी प्रार्थना करीत. असे दहा दिवस चालले. निरोपाच्या आदल्या रात्री सर्व मुली जमल्या आणि त्यांनी आपल्या गुरुजींसाठी एकेकीने प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी आगगाडी सुटताना त्या फलाटावर उभ्या होत्या.

इतके दिवस मूडी डोकी मोजीत आले होते. एका मुलासाठी दार ठोठावणे म्हणजे काय, हे त्यांना त्या दहा दिवसांत उमगले. दुकानात मन रमेना. त्यांनी नोकरी सोडली. आदल्या काही महिन्यांत पगाराखेरीज पाच हजार डॉलर मिळविणाऱ्या या माणसाची नंतरच्या वर्षाची मिळकत जेमतेम तीनशे डॉलर झाली. तरुण ख्रिस्ती संघाच्या खोलीत बाकावर झोपावे आणि बिस्किटे व चीज खाऊन राहावे, असे ते दिवस होते.

१८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला प्रचंड आग लागली. तीत मूडींचे घर आणि चर्च दोन्ही भस्म झाली. पुढे १८७३ ते १८७५ या काळात इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये त्यांची प्रवचने ऐकण्यास हजारोंचे समुदाय लोटले. कीर्ती मिळाली, पण त्यांच्या गीतसंग्रहांच्या विक्रीतून येणारा पैसा त्यांनी स्वतःला घेतला नाही. नॉर्थफील्डला गरीब मुलींसाठी १८७९ मध्ये आणि नदीपलीकडे माउंट हर्मन येथे मुलग्यांसाठी १८८१ मध्ये त्यांनी शाळा काढल्या. फी निम्मी, उरलेल्याची भरपाई म्हणून प्रत्येकाने रोज अंगमेहनतीचे काम करावयाचे.

१८८६ च्या जुलैत माउंट हर्मनला ८९ महाविद्यालयांतील २५१ विद्यार्थी महिनाभर जमले. त्यांत रॉबर्ट वाइल्डर नावाचा तरुण होता. त्याचा जन्म आपल्या कोल्हापूरचा. वडील तेथे मिशनरी होते. मूडींच्या मनात केवळ बायबलचा अभ्यास होता. परदेशी जाऊन सेवा करण्याची गोष्ट वाइल्डरनेच मुलांपुढे मांडली, आणि शिबिर संपता संपता शंभर जणांनी त्याच्या यादीत नावे घातली. वाइल्डर पुढे भारतात परतून विद्यार्थ्यांमध्ये काम करू लागला. मूडींनी मात्र भारत कधी पाहिला नाही.

२२ डिसेंबर १८९९ रोजी नॉर्थफील्डला त्यांचे देहावसान झाले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाजवळच्या एका टेकडीवर ते मुलांना भोवती बसवून बोलत असत. त्याच टेकडीवर त्यांना पुरण्यात आले. त्यांची शवपेटी माउंट हर्मनच्या विद्यार्थ्यांनी वाहून नेली.